गाडी खाली, फाइल वर

लिफ्टवाला कुठल्याही लिफ्टमध्ये पाय ठेवण्याआधी आतलं कार्ड वाचायचा. तेल कधी घातलं, दोर कधी तपासला, सही कोणाची. कार्ड कोरं असेल तर जिन्याने जायचं, मग मजला नववा का असेना. लिफ्ट दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा असल्यामुळे लिफ्टवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. या सवयीपायी तो स्वतःच्या लग्नालाही वीस मिनिटं उशिरा आणि घामाघूम होऊन पोहोचला होता.

अशा माणसाला सोमवारी सकाळी नऊपर्यंत गाडी हवी होती. नव्या कंपनीची अट होती: स्वतःची गाडी असेल तर नोकरी, नसेल तर पुढचा उमेदवार बाहेर बसलेलाच आहे. आज शनिवार. खिसा बेताचा. आणि जाहिरात अकरा वर्षं जुन्या, लाल, संशय यावा इतक्या स्वस्त गाडीची.

गाडी एका दुमजली घराच्या अंगणात लखलखत उभी होती. घरातले थोरले भाऊ तिच्यावरून फडकं फिरवत होते.

"सर्व्हिस बुक आहे?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"आहे की. मी नि बायको हायवेवर हिनेच फिरतो. बुक अथपासून इतिपर्यंत आहे, शिक्क्यांसकट."

"बघू."

"ते धाकट्याकडे. वरच्या मजल्यावर."

"हाक मारता का जरा?"

थोरल्यांनी घसा खाकरला. "चार वर्षं झाली, बोलत नाही आम्ही. वाटणीत गाडी माझ्याकडे आली, गाडीची फाइल त्याच्याकडे गेली. वडील सांगून गेले होते, सगळं निम्मं निम्मं."

"अहो, याला निम्मं कोण म्हणतं?"

"वकील म्हणाला."

लिफ्टवाला वर गेला. धाकट्यांच्या खोलीत फळीवर सतरा झाकणं ओळीने मांडली होती. पातेली खाली होती. खिडकीत टीव्हीचा रिमोट होता. टीव्हीही खालीच होता.

"तो बातम्या लावून बसला की मी जिन्यातून चॅनेल बदलतो," धाकटे म्हणाले. "तेवढाच विरंगुळा."

"मला गाडीची फाइल बघायची होती."

"हातात मिळणार नाही. विचारा, मी वाचून दाखवतो."

"टायमिंग बेल्ट कधी बदललाय?" इंजिनातला हा रबरी पट्टा चालत्या गाडीत तुटला की इंजिन जागच्या जागी खलास. जुनी गाडी घेताना लिफ्टवाल्याचा पहिला प्रश्न हाच असणार होता.

धाकट्यांनी चष्मा चढवला. "ऐंशी हजार किलोमीटर. 'बेल्ट बदलणे आवश्यक. मालकांना सांगितले.' नव्वद हजार. 'बेल्ट बदलणे अत्यावश्यक. मालकांना पुन्हा सांगितले.' एक लाख. 'मालकांना सांगणे सोडून दिले.'" त्यांनी पान उलटलं. "पुढे कोरं."

"म्हणजे बदललाच नाही?"

"वडिलांनी नवा आणून ठेवला होता ना. हा काय." फाइलभोवती जो काळा, आतून दातेरी पट्टा गुंडाळलेला होता, तो त्यांनी वर धरला. "कागदांबरोबर माझ्या वाट्याला आला."

लिफ्टवाल्याचं डोकं सटकलं. "काका, तुमचे भाऊ चार वर्षं हीच गाडी हायवेवर पळवतायत! बायकोला शेजारी बसवून! तुम्हाला हे माहीत होतं?"

"माहीत? पाठ आहे."

"मग सांगायचं नाही का?"

"बोलत नाही ना आम्ही," धाकट्यांनी लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. मग त्यांचं लक्ष हातातल्या पट्ट्याकडे गेलं. "वहिनी रोज बसते का त्या गाडीत?"

उत्तराची वाट न बघता ते फाइल घेऊन जिना उतरले. पुढची दहा मिनिटं अंगणात चार वर्षांचं बोलणं एकदम झालं. "मी मेलो असतो तर?" "तू विचारलंस का कधी?" "चॅनेल तूच बदलतोस ना?" असं सगळं. शेवटी दोघंही धापा टाकत बॉनेटला टेकले आणि मधे फाइल उघडून बसले.

लिफ्टवाल्याने संधी साधली. "काका, गाडी मी घेतो. बेल्ट आजच बसवून घेतो. जाहिरातीतल्या किमतीला."

थोरल्यांनी धाकट्यांकडे पाहिलं. धाकट्यांनी मान हलवली.

"त्या किमतीला नाही जमणार," थोरले म्हणाले. "दुप्पट होतील."

"का?"

"जाहिरात दिली तेव्हा गाडीची हिस्ट्री नव्हती. आता पूर्ण आहे."

"शिक्क्यांसकट," धाकटे म्हणाले.

"अहो, पण हिस्ट्रीत लिहिलंय काय ते तरी वाचा! गाडी कधीही बसेल असं लिहिलंय!"

"लिहिलंय ना? म्हणजे लपवाछपवी नाही."

लिफ्टवाल्याने खिशातलं पेन काढलं. कोऱ्या पानावर तारीख घातली, लिहिलं, 'बेल्ट बदलणे आवश्यक. दोन्ही मालकांना सांगितले', खाली सही ठोकली आणि तरातरा चालू पडला.

बस थांब्यापाशी पोचतो न पोचतो तोच मागून हॉर्न वाजला. लाल गाडीतून दोघं भाऊ येत होते. "अहो, थांबा! थोडंफार कमी—"

खट्ट.

एवढाच आवाज. गाडी घरंगळत त्याच्या पायाशी येऊन थांबली. मागच्या सीटवर नवा बेल्ट होता.

"तुझ्यामुळे," थोरले म्हणाले.

"तुझ्यामुळे," धाकटे म्हणाले.

लिफ्टवाल्याचा फोन वाजला. बायको होती. "घेतलीस का गाडी?"

"नाही."

"अरे, मग सोमवारी?"

"सोमवारी तो बाहेर बसलेला उमेदवार जाईल."

तेवढ्यात बस आली. लिफ्टवाल्याने पायरीवर पाय ठेवला आणि मागे घेतला. "ड्रायव्हरसाहेब, हिची शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली?"

"चढायचंय की नाही?"

"चढ," फोनमधून बायको म्हणाली. "काही न विचारता चढ."