डांग्या खोकल्याचा कोड

हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातल्या बाईंचं काम एकच: डॉक्टरांनी फाइलवर लिहिलेल्या आजाराला ठरलेला कोड द्यायचा. त्या सकाळी एक म्हातारा सुतार त्यांच्या टेबलाशी आला. त्याची तान्ही नात इथल्याच वॉर्डात दगावली होती. तेव्हा सगळ्यांना न्यूमोनिया वाटला. तपासणीचा रिपोर्ट मागाहून आला आणि डॉक्टरांनी फाइलवर दुरुस्ती केली: डांग्या खोकला.

हे त्याला नर्सनं सांगितलं होतं, कारण तोही खोकत होता आणि त्यालाही गोळ्या सुरू करायच्या होत्या. लाकडाच्या भुशाचा खोकला समजून त्यानं तो कितीतरी दिवस अंगावर काढला होता. सून कामात असली की नात त्याच्याच मांडीवर असायची.

त्यानं आधी इकडचं तिकडचं काढलं. टेबलाचा पाय डुगडुगतोय म्हणाला, वाकून दाबूनही पाहिला. मग खाली बघतच विचारलं, "बाई, न्यूमोनियाचाच कोड टाकता येईल का? सून कागद न्यायला येणार आहे."

 तसं करता येत नाही, असं बाईंनी समजावलं. डांग्याची नोंद झाली तरच त्याच्या वस्तीतल्या बाकीच्या बाळांकडे कुणी बघायला जाईल. त्याला खोकल्याची उबळ आली. टेबल धरून तो खोकत राहिला, चेहरा लालबुंद झाला. बाईंनी पाणी दिलं.

"मग कागदाच्या आधी मीच सांगतो तिला," तो म्हणाला.

तो गेल्यावर बाईंनी कोड टाकला. त्या दिवशी त्यांना डबा गेला नाही.

दोन दिवसांनी सून आली. डोळे खोल गेलेले. कागद वाचून तिनं घडी घातली. बाईंनी न राहवून सासऱ्यांची चौकशी केली.

"सांगितलं त्यांनी," ती म्हणाली. "माझ्यासमोर खाली बसून सांगितलं. अजून बोलवतच नाही मला त्यांच्याशी." कागद पिशवीत ठेवत म्हणाली, "गोळ्या मात्र मीच देते. आपल्या हातानं घेतच नाहीत ते."

जाता जाता ती दारात थांबली. शेजारणीला नुकतंच बाळ झालंय, त्याला लस कधी आणि कुठं द्यायची, असं तिनं विचारलं. बाई उठल्या आणि तिला लसीकरणाच्या खोलीपर्यंत घेऊन गेल्या.