रंगवलेला गंज

जुन्या पिकअप गाड्या आम्ही बापलेक वीस वर्षं बघून वहीत टिपतोय. नियम बाबांचा: गाडी चालती हवी आणि हौद्यात माल हवा. धुऊनपुसून प्रदर्शनात उभी केलेली यादीत घ्यायची नाही. बाबांनी जन्मभर गॅरेजात गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ केले. आता गुडघ्यांनी संप पुकारलाय, म्हणून ते खिडकीशी बसतात आणि गाड्या शोधायचं काम माझ्याकडे आलंय. संध्याकाळी मी चपला काढायच्या आत त्यांचा प्रश्न येतो, आज काय दिसलं? विटांनी भरलेली निळी दिसली, असं सांगितलं की त्यांचा चेहरा खुलतो. खरं सांगायचं तर माझाही.

यादीत पहिला नंबर काचवाल्याच्या हिरव्या गाडीचा. एका अपघातात तिचं डावं दार पार चेपलं होतं, ते बाबांनी तीन दिवस खपून सरळ केलं. दार एका बोटाने लागलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. सहा महिने ती कुठे दिसली नव्हती आणि बाबा रोज आधी तिचीच चौकशी करायचे.

काल ती दिसली, एका नव्या कॉफीच्या दुकानासमोर. मी रस्ता ओलांडून जवळजवळ धावतच गेले. हौद्यात काचांऐवजी फुलांच्या कुंड्या होत्या. इंजिन काढून तिथे रंगीत दिवे बसवले होते, चाकं सिमेंटमध्ये पक्की केली होती. डाव्या दारावर गंज चढला होता. मी बोट फिरवलं, बोटाला काहीच लागलं नाही. गंज रंगवलेला होता.

मला शिसारी आली. गंज खरवडता खरवडता बाबांच्या बोटांची सालटी निघाली, आणि इथे कुणीतरी ब्रश घेऊन तो हौसेने परत लावला होता. तेवढ्यात दुकानाचा मालक बाहेर आला. अंगात मेकॅनिकचा डगला, त्यावर ग्रीसचा एक डाग नाही. दार फारच गुळगुळीत होतं, जुनं वाटेना, म्हणून खास चित्रकार बोलावला, असं त्याने कौतुकाने सांगितलं. वर गाडीसोबत माझा फोटो काढून देऊ का, म्हणून विचारलं.

"नको," मी म्हटलं. "घरी दाखवायची लाज वाटेल."

त्याला ती गंमत वाटली, तो हसला. त्या हसण्याचीही मला किळस आली. मी दार उघडलं आणि एका बोटाने ढकललं. ते अलगद लागलं.

खोटं बोलायचं नाही, हाही खेळाचा नियम. घरी बाबांनी विचारलं तेव्हा हिरवी दिसली असं मी सांगितलं, आणि ते खुर्चीत सरसावून बसले.

"काय भरलं होतं?"

"माती."

"काचवाला माती कशाला नेईल?"

"कुंड्यांतली माती," मी चपलेचा पट्टा सोडत म्हटलं.

"दार?"

"एका बोटाने लागलं."

त्यांनी वही मागितली आणि पहिल्या नंबरावर पट्टी लावून रेघ मारली.

"लागू दे," ते म्हणाले. "आत बसून कामाला जाणारं कोणी नाही."

मग त्यांनी निळ्या गाडीची चौकशी केली, तिचा मागचा फाळका अजून लोंबतोय का म्हणून. मी उत्तर दिलं. गंजाचं मात्र त्यांनी विचारलं नाही, आणि मी ते त्यांना कधीच सांगणार नाही.