दिवा लागला की हसायचं

लग्नाआधी ती त्याच्या याच गुणावर भाळली होती. मालिकेतल्या बाईसारखी तीनदा मान वळवून तो चहा मागायचा, प्रत्येक वळणाला तोंडानेच ढगांचा गडगडाट काढायचा, आणि ही हसून हसून बेजार व्हायची. आता तोच गडगडाट ऐकला की ती नळ मोठा सोडी.

नकलांचे व्हिडिओ तो फावल्या वेळात करायचा. गोळी लागल्यावरही लांबलचक भाषण ठोकणारा आणि मध्येच उठून पाणी पिऊन येणारा सिनेमातला नायक. उकडलेलं अंडं चाखून ढसाढसा रडणारे पाककला स्पर्धेचे परीक्षक. बघण्यासारखे असत, त्यात वादच नाही. पण बघत होती ती ओळखीपाळखीचीच माणसं. मग एकदा नायक मरत असताना त्यांची लेक रांगत रांगत मध्ये आली आणि बापाच्या वासलेल्या तोंडाकडे बघून अशी खळखळून हसली, की लोकांनी मरणाऱ्या नायकाला सोडलं आणि हसणाऱ्या पोरीला धरलं. भिंगरी हे तिचं घरातलं नाव जगाचं झालं. तेव्हापासून भिंगरी हसल्याशिवाय व्हिडिओ संपत नसे.

घरात चालायला वाट राहिली नाही. बाहेरच्या खोलीत पडदे, वायरी, खोट्या मिशा. स्वयंपाकाच्या ओट्याशी कॅमेऱ्याची तिपाई आणि ताटाएवढा गोल दिवा. सासूबाई उभा जन्म कचेरीत टंकलेखन करून, मान मोडून निवृत्त झालेल्या. त्यांना खाष्ट सासूचं काम मिळालं आणि त्यांच्या अंगात नवं वारं शिरलं. दुकानात अनोळखी बायका त्यांना थांबवून म्हणत, "आजी, एकदा डोळे वटारून दाखवा ना." त्या वटारून दाखवत आणि दिवसभर खुशीत असत. एवढ्या आनंदात विरजण कोणी घालायचं?

पण ती बघत होती. आईचे डोळे, दुसरं काम काय त्यांना. दिव्याचं बटण टक्कन वाजलं की भिंगरीचे ओठ फाकत, हनुवटी वर होई, घशातून तो खळखळाट निघे. डोळे मात्र होते तिथेच राहत. अंगात ताप असताना ती हसली. खेळणं हातातून ओढून घेतलं तरी हसली. दिवा बंद झाला की डबीचं झाकण लागावं तसं तोंड मिटे.

"अरे, ती हसत नाही," तिने नवऱ्याला सांगितलं. "दिवा लागला की नुसतं तोंड उघडते."

"मोठमोठ्या नट्यांना जमत नाही ते."

"मी गंभीरपणे बोलतेय."

त्याने तीनदा मान वळवली. "ही... गंभीरपणे... बोलतेय."

"ढुडुम," सासूबाईंनी आतून ताट वाजवलं.

एकदा ती खरंच भडकली, तर त्याने ते टिपलं आणि खाली ढोल लावले. 'भिंगरीची आई भडकली' हा व्हिडिओ सगळ्यांच्या वरताण चालला. वहिनींना घ्या, वहिनी काय काम करतात, असा लोकांनी लकडा लावला. तेव्हापासून तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ओरडावं तर तो प्रसंग, रडावं तर तोही प्रसंग. गप्प बसली तर नवरा म्हणे, "बघ आई, चेहरा किती बोलतो हिचा." चार दिवस माहेरी जावं म्हणून तिने आईला फोन लावला. आईने कशी आहेस विचारायच्या आधी विचारलं, "नवीन कधी टाकताय गं? इथे सगळे वाट बघून थकले." तिने इकडचं तिकडचं बोलून फोन ठेवला.

त्या दुपारी पुन्हा परीक्षकांचाच प्रसंग होता. सासूबाई डोक्याला उशीचा अभ्रा गुंडाळून, चमचा नाकाशी धरून बसलेल्या. नवरा एकाच वेळी आचारी, दिग्दर्शक आणि कॅमेरावाला. भिंगरी ओट्याखालच्या खणाशी उभी. मोबाइल चालू करून तो मागे सरला, त्याच्या कमरेचा धक्का लागला, खण धाडकन मिटला. भिंगरीचं बोट आत.

त्याने न बघताच खण ओढून तिला मोकळं केलं. भिंगरीचा खालचा ओठ थरथरला. चेहरा गोळा झाला, छाती भरून आली, आणि नेमकं तेव्हाच त्याने दिव्याचं बटण दाबलं.

ओठ फाकले. हनुवटी वर झाली. भिंगरी हसली.

"वा," तो म्हणाला. "अगदी वेळेवर."

हिने धावत जाऊन लेकीला उचललं. "बोट चेमटलंय तिचं."

"हसतेय की."

"चेमटलं असतं तर रडली नसती का?" सासूबाई म्हणाल्या, त्याही परीक्षकाच्याच आवाजात. नवऱ्याने तिपाईवरचा मोबाइल काढून हिच्याकडे वळवला. "आई भडकली, भाग दोन."

काहीही बोललं तरी त्याखाली ढोल लागणार होते. ती भिंतीशी गेली, दिव्याचा प्लग उपटला आणि तो मुठीत घेऊन लेकीसकट जमिनीवर बसली.

भिंगरीचं तोंड मिटलं. मग अडून राहिलेला तो श्वास फुटला आणि ती रडली. टाहो फोडून रडली. सासूबाईंनी चमचा खाली ठेवला, चष्मा लावला आणि नातीचं बोट उलटंसुलटं केलं.

"अगं बाई, नख काळं पडलंय." त्या अभ्र्यासकट उठून थंड पाणी आणायला गेल्या.

नवरा तिथेच उभा होता. "दे ना प्लग," तो म्हणाला. या वेळी कुणाची नक्कल नव्हती, त्याचा स्वतःचा आवाज होता. "दिवा लावू. लगेच गप्प होईल ती."

तिने वर पाहिलं. म्हणजे याला माहीत होतं.

"रडू दे तिला," ती म्हणाली.

"अगं, त्रास होतोय तिला."

"म्हणूनच."

तो पुढे आला नाही, की मोबाइलही खाली केला नाही. त्याचे डोळे भरून आले होते, पण तो लेकीकडे बघत नव्हता, पडद्यावरच्या लेकीकडे बघत होता. सासूबाईंनी पाण्याची वाटी आणून भिंगरीचं बोट त्यात बुडवलं आणि मुलाला म्हणाल्या, "बंद कर ते."

"हो," तो म्हणाला. पण केलं नाही.

तिने प्लगवरची मूठ आवळली. दार त्याच्या पाठीमागे होतं आणि मध्ये तिपाई. भिंगरी रडत होती. तापातलं, ओढून घेतलेल्या खेळण्याचं, सगळंच बाहेर यायचं होतं. अजून बराच वेळ लागणार होता.