राणी कलरचं घर

घुग्घुसमधल्या निम्म्या भिंती इनायतभाऊ पेंटरनं रंगवल्या, पण स्वतःच्या घराला वीस वर्षांत ब्रश लावला नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! आणि लावून तरी उपयोग? पांढरा लावा नाहीतर पिवळा, कोळशाची धूळ चार महिन्यांत सगळं राखाडी करून टाकते. तो गिऱ्हाइकालाच सांगायचा, "मातकट घ्या भाऊ, मळ दिसत नाई."

पण चंद्रपूरच्या डॉक्टरनं त्याच्या बायकोचा, कमरजहाँचा, छातीचा एक्स-रे पाहून "आता घरीच ठेवा" म्हटलं, त्याच आठवड्यात तिनं खाटेवरून मोबाइल पुढे केला. मेक्सिको देशातला फोटो होता. ओळीनं बुटकी बुटकी घरं. एक राणी कलरचं, एक निळं, एक हळदीसारखं पिवळं.

"मले असं घर पाह्यजे," ती म्हणाली. "हे राणी कलरवालं."

तीस वर्षांत बाईनं काही मागितलं नव्हतं. डब्यातल्या रंगाला तसा भडकपणा येत नाही, म्हणून त्यानं चुना भिजवला, त्यात डिंक आणि रंगाची भुकटी खलली आणि भिंतीला तीन हात मारले. दरवाजा निळा, चौकट पिवळी. तिला दिसावं म्हणून खाट अंगणात आणली. शेजारचा विनोद म्हणाला, "काय भाऊ, लगन हाय का घरात?" इनायत हसला, आणि शिडीवर भिंतीकडे तोंड करून रडला.

कमरजहाँ दिवसभर भिंतीकडे पाहायची, दोन घास जास्त खायची. माणूस येडंच असतं. ही आता उठेल असं त्याला खरंच वाटू लागलं.

शुक्रवारी लेक अरीबा सासरहून आली. तिनं फोटो पाहिला, खालचं इंग्रजी वाचलं आणि बापाला मोरीपाशी ओढून नेलं.

"अब्बा, हे घरं नाईत. कबरस्तान हाय ते. तिथले लोक कबरीवर असे घरं बांधतात, रंगवतात."

जित्या बायकोला आपण कबर रंगवून दिली! या अल्ला! "अम्मीले सांगशीन तं याद राख," म्हणत त्यानं पांढऱ्या चुन्याची बादली उचलली. सगळं झाकून टाकायचं, आत्ताच्या आत्ता. पहिला पट्टा मारला तोच खाटेवरून आवाज आला.

"काऊन पुसून राह्यले जी?"

"रंग कच्चा निंगाला."

"झूट नोका बोलू. सुई द्यायले येते त्या नर्सबाईनं पयल्याच दिवशी वाचून दाखवलं मले, तुमाले फोटो दाखवाच्या आधी." तिला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाली, "आपल्यात कबरीच्या मातीवर रंग लावत नाईत. पण मी गेली का तुमी ब्रश घेऊन येसान तिथी, मले मालूम हाय. लोकं येडं म्हणतीन तुमाले. म्हून जित्तेपणीच लावून घेतला."

इनायतनं बादली खाली ठेवली. पांढऱ्या पट्ट्यावर राणी कलर मारायला घेतला, पण ब्रश रंगात बुडवून तसाच टाकला आणि खाटेपाशी जाऊन बसला. तो पट्टा शेवटी अरीबानंच भरला.