तिसऱ्या मजल्यावरचं मत

जिन्याच्या वळणावर खुर्ची भिंतीला घासली, तशी आसावरीने ती तिरकी करून मधल्या सपाट जागेवर टेकवली. खुर्चीत गोदूबाई बसल्या होत्या, मांडीवर पर्स आणि मुठीत ओळखपत्र. खालच्या बाजूने खुर्ची धरलेला बिंदुमाधव घाम पुसत उभा राहिला.

बंगळुरात बनशंकरीतल्या त्या इमारतीची लिफ्ट आठवडाभर बंद होती. गोदूबाईंचे गुडघे जिना उतरण्यापलीकडे गेलेले, आणि घरबसल्या मत देण्याइतकं वय अजून झालेलं नव्हतं. मतदान संपत आलं होतं. आसावरी महिनाभर त्यांच्याकडे जात होती, पक्षाचं सांगत होती, चहा पीत होती. हे मत तिने केव्हाच आपलं धरलं होतं. पण ऐन वेळी तिची माणसं दुसऱ्या गल्लीत गेलेली. नाइलाजाने तिने रस्त्यापलीकडच्या टेबलाशी बसलेल्या बिंदुमाधवला हाक मारली. तो विरुद्ध पक्षाचा. मागच्या निवडणुकीत भर चौकात दोघांची जुंपली होती, तेव्हापासून बोलणं बंद. तो पत्रकांवर दगड ठेवून उठला.

वर गेल्यावर गोदूबाईंनी बजावलं होतं, "आधी ते बिल्ले काढा. मी काही कुणाच्या पक्षाची पालखी नाही."

दोघांनी मुकाट्याने बिल्ले खिशात टाकले होते.

"आजींना पाणी आणतो," म्हणत बिंदुमाधव आता खाली गेला. त्याची पावलं लांब गेल्यावर गोदूबाईंनी आसावरीचं मनगट धरलं.

"तू रोज यायचीस, बरं वाटायचं. म्हणून आता खोटं बोलवत नाही. माझं मत ह्याच्या पक्षाला आहे."



"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

 खाली अजून दीड मजला होता. आसावरीची कंबर खरंच भरून आली होती. तसं म्हणून इथेच थांबली असती तर ते खोटंही ठरलं नसतं.

बिंदुमाधव बाटली घेऊन आला. आसावरीचा हात कमरेवर बघून म्हणाला, "अक्का, जमत नसेल तर राहू दे. आजींना सांगू समजावून."

 गोदूबाईंनी पाण्याचा घोट घेऊन बाटली परत दिली.

"जमतंय," आसावरी म्हणाली. "उचला."

मतदान केंद्राची शाळा शेजारच्याच गल्लीत होती. फाटकाशी केंद्रावरच्या बाईने चाकांची खुर्ची आणली आणि गोदूबाईंना आत नेलं. हे दोघं बाहेर कुंपणाशी थांबले. बिंदुमाधव तळहातावरचे लाल वळ चोळत होता.

"गंमत बघा," तो म्हणाला. "तुमचं मत मी उचलून आणलं. आमच्या पोरांना कळलं तर मला टेबलावर बसू देणार नाहीत."

"मग का आणलंत?"

"त्यांना यायचं होतं ना." त्याने खांदे उडवले. "आणि तुम्ही एकट्या कशा उचलणार होता?"

आसावरीने त्याच्याकडे पाहिलं. ओठांवर आलेलं तिने आत घेतलं.

"मग नका सांगू कुणाला," ती म्हणाली. "मीही नाही सांगणार."

"सरी, तसंच करू," तो हसून म्हणाला.

आतून गोदूबाई येताना दिसल्या, शाईचं बोट जपून वर धरलेलं. त्यांना परत वर न्यायला दोघं घरून आणलेल्या खुर्चीकडे वळले.