शटरच्या आतलं मशीन

थोरलीचा कुणावरच विश्वास नव्हता. दूध उतू गेलं तरी ती आधी खिडकीबाहेर डोकावायची, कुणाची नजर लागली ते बघायला. त्यात वादळाने विजेचे खांब आडवे केले आणि तिच्या संशयाला पालवीच फुटली.

घरामागे सुटं उभं असलेलं एक गॅरेज होतं. नवरा होता तोवर त्यात गाडी असायची. आता गाडीही नाही, नवराही नाही. भिंतीशी लाकडी टेबल आणि टेबलावर अंडी उबवायची विजेची पेटी. मागच्या आठवड्यात कोल्ह्याने तिचं खुराडं साफ केलं होतं. नवऱ्याने हौसेने जपलेल्या ठिपकेदार कोंबड्यांचा वाण आता पेटीतल्या अंड्यांतच काय तो उरला होता. पेटी गार पडली की संपलं.

म्हणून तिने जिन्याखालचा पेट्रोलवरचा जनरेटर ओढत आणला, दोरीला हिसका देऊन चालू केला आणि गॅरेजमध्ये आत, शटरजवळ ठेवला. शटर हातभर वर.

"एवढ्यातून धूर जाईल," ती स्वतःशीच म्हणाली, "आणि माणूस येणार नाही."

माणूस म्हणजे धाकटा, तिचा दीर. कुंपणापलीकडे राहायचा. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा तो शाळेत होता. त्याच्या फाटक्या दप्तराला टाके तिनेच घातलेले. पण वाटणीत गॅरेज कुणाचं यावरून दोघांचं वाजलं आणि बोलणं तुटलं. जावाजावांचं मात्र चालू होतं. धाकटी रोज दुपारी कुंपणावरून चहाचा कप द्यायची आणि थोरली तो गॅरेजमध्ये बसून, अंडी फिरवत प्यायची.

त्या दिवशी कप देताना धाकटी म्हणाली, "ताई, हे म्हणतात, मशीन बाहेर ठेवा. त्याचा धूर वाईट असतो."

"धूर? मला तर दिसत नाही."

"दिसत नाही म्हणूनच वाईट, असं म्हणतात हे."

"म्हणू दे. शटर उघडंय." थोरलीने मान वळवली. बाहेर ठेवलं की उचलायला बरं! कुंपणच शेत खायला निघालंय, आणि वर निरोप धाडतंय.

दुसऱ्या दिवशी ती जेवून परत आली तर मशीन बाहेर. चांगलं लांब, कुंपणाला टेकलेलं. सायलेन्सरचं तोंड धाकट्याच्या अंगणाकडे. वायर मात्र नीट पसरून शटरखालून आत आणलेली, पेटीतला दिवा जळतोय.

"अर्ध्या वाटेवर नेऊन ठेवलंय मेल्याने," ती पुटपुटली. "उरलेलं उद्या नेणार."

दुपारचा चहा तिने त्याच्यावर नजर ठेवून घेतला आणि मग मशीन परत आत ओढलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या वेळी तिने कुत्र्याची जुनी साखळी आणली आणि मशीन टेबलाच्या पायाला बांधून टाकलं.

यात आणखी एक गोष्ट तिला टोचत होती. गॅरेजमध्ये चहा घेतला की डोकं ठणकायचं, मळमळायचं. बाहेर मोकळ्यावर आलं की उतरायचं. नवरा काढतोय मशीन आणि बायको पाजतेय चहा! पाणी कुठे मुरतंय ते आता तिला कळलं. दोघं मिळून तिला आडवं पाडणार आणि गॅरेज गिळणार.

चौथ्या दुपारी तिने हसत कप घेतला. "आज साखर जास्त घातलीस का गं?"

"नेहमीचीच आहे, ताई."

"हं. नेहमीचीच असणार."

चहाचा थेंबही न पिता तिने कप टेबलावर ठेवला. चोराला रंगेहाथ धरायचं म्हणून शटर आणखी खाली ओढलं. वायर जाईल एवढीच फट ठेवली. मग पेटीमागे स्टुलावर बसून राहिली, हातात लाटणं. मशीन घरघरत होतं. अंड्यांतून कुठेतरी बारीक टकटक ऐकू येत होती. तिला हसू आलं, आणि त्या हसण्याबरोबरच कपाळात घण बसला.

ती उठायला गेली तर गुडघे कापसाचे. टेबल धरलं, नजर कपावर पडली. काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली.

चहा तर कपातच आहे. मग डोक्यात कोण हाणतंय?

संशयी माणसाचं डोकं बधिर झालं तरी संशय जागाच असतो. मशीन बाहेर होतं त्या दोन्ही दुपारी हाच चहा घेतला होता, आणि काही झालं नव्हतं! तिने मान वळवून साखळीने बांधलेल्या मशीनकडे पाहिलं. चोर घरातच होता, आणि तिनेच त्याला बांधून ठेवला होता.

शटर उचलायला हातात बळ नव्हतं. ती जमिनीवर पडली, फटीपाशी तोंड नेलं आणि लाटण्याने शटर बडवायला लागली.

धडाड्‌कन शटर वर गेलं. धाकट्याने तिला काखेत धरून थेट कुंपणापर्यंत फरफटत नेलं. मग श्वास रोखून आत धावला, मशीन बंद केलं, परत आला.

"वहिनी! ऐकू येतंय का? श्वास घे, जोरात!"

"तुझं... बोलणं बंद आहे ना?"

"बंदच आहे. श्वास घे आधी."

"मशीन का हलवत होतास?"

"बोलायचं नाही असं ठरलंय आपलं. हलवायचं नाही असं कुठे ठरलंय?"

थोरली नको नको म्हणत असताना धाकटीने तिला डॉक्टरकडे नेलंच. तिथे तोंडाला ऑक्सिजन लावून झोपवलं. थोरली परतली तोवर धाकट्याने पेटीला घोंगडी गुंडाळून ठेवली होती आणि मशीन पार परसाच्या टोकाला नेलं होतं. दोन्ही घरांपासून लांब, तोंड मोकळ्या रानाकडे. वर चार खांबांवर पत्रा, चारी बाजू उघड्या. वायरही जाड आणली होती, सलग एकच, मध्ये कुठे जोड नाही. पेटीतला दिवा जळत होता.

"पेट्रोल घालताना बंद करायचं," तो म्हणाला. "आणि गार होऊ द्यायचं."

"आणि उचलून नेलं म्हणजे?"

"खांबाला साखळी घातलीय. ही घे किल्ली."

"दुसरी?"

"दुसरी कुठली?"

"कुलपाला दोन असतात."

धाकट्याने खिशात हात घातला आणि दुसरी काढून दिली. "तू हरवशील म्हणून ठेवली होती."

"माहितेय मला तू कशाला ठेवतोस ते."

पेटीत एका अंड्याला तडा गेला होता. तड्यातून ओली चोच बाहेर आली, दमून थांबली, पुन्हा टोचायला लागली. दोघं वाकून बघत राहिले. तेवढ्यात धाकटी चहा घेऊन आली. या वेळी कुंपणावरून नाही, फाटकातून.

थोरलीने कप घेतला, नाकाशी नेला आणि दिरापुढे धरला.

"आधी तू घे एक घोट."

त्याने अर्धा कप संपवला.

"एक म्हटलं होतं मी," थोरली म्हणाली, आणि उरलेला पिऊन टाकला.