चिठ्ठीखालचा लाल

मी एक जुनी रंगपट्टी आहे. छापखान्यातले लोक मला शेडकार्ड म्हणतात आणि कल्याणच्या एका डिझाइन कॉलेजातली मुलं मला ‘तो पंखा’ म्हणायची. का म्हणायची ते पुढे सांगेनच, कारण त्याचा राग कितीतरी वर्षं माझ्या मनात होता.

मित्रांनो, माझं रूप अगदी साधं. वीतभर लांब आणि दोन बोटं रुंद अशा साठेक पट्ट्या, एका टोकाला भोक पाडून पितळी स्क्रूने एकत्र बांधलेल्या. प्रत्येक पट्टीवर सात रंगीत चौकोन आणि प्रत्येक चौकोनाखाली बारीक आकडे. सायन म्हणजे आकाशी निळी, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, शिवाय पिवळी आणि काळी अशा चार शाया छपाईला लागतात. कोणती शाई किती टक्के घेतली की कोणता रंग कागदावर उतरतो, ते हे आकडे सांगतात. थोडक्यात, आंधळेपणाने रंग छापणाऱ्यांना वाट दाखवणं हे माझं काम. आता तुम्ही म्हणाल, म्हातारी स्वतःची आरती स्वतःच ओवाळते आहे. ओवाळू द्या. पुढे माझी फजितीही मीच सांगणार आहे.

माझा जन्म एका मोठ्या मशिनवर झाला. जाड, कोरा, गुळगुळीत कागद एकामागून एक चार शायांखालून गेला, वाळला, कापला गेला आणि मी तयार झाले. तेव्हा माझे रंग इतके टवटवीत होते की बांधणी करणारी बाई मला उघडून उगाच दोन मिनिटं बघत बसली होती. तिथून मी आले ती डोंबिवलीला, सुदेश काकांच्या छापखान्यात.

सुदेश काकांचे नियम कडक होते. रंग बघायचा तो दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी. ट्यूबलाइटखाली बघायचा नाही. चौकोनावर बोट टेकवायचं नाही. बघून झालं की मला मिटायचं आणि पत्र्याच्या डब्यात ठेवायचं. त्यांच्याकडे लग्नपत्रिका यायच्या, औषधांची खोकी यायची, गणपती मंडळांचे अहवाल यायचे. कुणी म्हणायचं पिकल्या आंब्यासारखा पिवळा हवा, कुणी म्हणायचं शालूसारखा हिरवा. काका डबा उघडायचे. गिऱ्हाईक माझ्यावर बोट रोखायचं, काका आकडे टिपून घ्यायचे आणि वाद मिटायचा. लग्नपत्रिकेचा एक झगझगीत लाल तर इतक्या वेळा लागायचा की तो सारखा शोधावा लागू नये म्हणून काकांनी त्या चौकोनाच्या अर्ध्या भागावर कागदाची इवलीशी चिठ्ठी चिकटवली आणि बॉलपेनने लिहिलं, ‘पत्रिका’. तेव्हा मला ती चिठ्ठी मुळीच आवडली नव्हती. गोऱ्यापान गालावर पट्टी चिकटवल्यासारखं वाटलं होतं.

काही वर्षांनी काकांनी नवी रंगपट्टी आणली. नेमकं त्याच सुमाराला कल्याणच्या कॉलेजातल्या प्रमोदिनी मॅडम आपला वर्ग घेऊन छापखाना दाखवायला आल्या. मुलांना शिकवायला होईल म्हणून काकांनी मला त्यांच्या हाती दिलं. मला वाईट वाटलं, पण अभिमानही वाटला. मी शिक्षिका होणार होते.

पहिली दोन वर्षं झालेही. मॅडम मला वर्गात फिरवायच्या आणि सांगायच्या, “स्क्रीनवर दिसतो तो उजेड असतो, शाई नव्हे. छापायचा रंग कागदावर बघितल्याशिवाय ठरवू नका.” मुलं ते वहीत लिहून घ्यायची. पुढे लॅबमध्ये नवे कॉम्प्युटर आले, सगळी कामं स्क्रीनवरच जमा व्हायला लागली आणि मी मॅडमच्या टेबलावरून कपाटात आणि कपाटातून लॅबच्या कट्ट्यावर आले. एका मे महिन्यात वीज गेली. ऋतुराज नावाच्या एका उंचेल्या मुलाने मला उचललं, फर्रकन उघडलं आणि वारा घ्यायला सुरुवात केली. “भाई, फॅन मिळाला,” असं तो मित्राला म्हणाला, आणि ते नाव मला चिकटलं. वीज आली तेव्हा त्याने मला तसंच उघडं खिडकीच्या कट्ट्यावर टाकलं. ती खिडकी पश्चिमेची. तिथे मी तीन वर्षं पडून होते.

ऊन काय करतं ते मी तुम्हाला सांगते. ते एका दिवसात काहीच करत नाही. म्हणून तर कुणाच्या लक्षात येत नाही. रोज दुपारी ते माझ्या लाल-पिवळ्या पट्ट्यांवर येऊन बसायचं आणि जाताना चिमूटभर रंग घेऊन जायचं. वर धूळ, बोटांचे डाग, एकदा तर कटिंग चहाचा ग्लास. माझा तो लग्नपत्रिकेचा लाल उतरत उतरत विटकरी झाला. आकडे मात्र होते तसेच राहिले. मी खोटं बोलायला लागले होते, मित्रांनो, आणि मला त्याची लाज वाटायची.

अशात दर्शना आली. ती तिसऱ्या वर्षाला होती, राहायला कल्याणजवळच्या मोहन्याला. घरची माणसं मूळची तिथलीच, भूमिपुत्र. आजोबांच्या वेळेपर्यंत शेती होती. तिची आई जया मसाला करायची, आणि तिच्या बचत गटाला ठाण्याच्या टेंभी नाक्यावरच्या नवरात्रात मसाला विकायला एक टेबल मिळालं होतं. पाचशे पाकिटांना लेबल हवं होतं. गटातल्या हेमाताईंचं म्हणणं, बाजारात तयार लेबलं मिळतात, त्यावर नाव तेवढं टाकून घेऊ. त्यावर जयाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, “माजी पोर तीन वरसां शिकते, मंग लेबल दुसरा कोन करल?” पुढे दर्शनाने हे मैत्रिणीला सांगितलं तेव्हा मी ते ऐकलं. घरात आधीच कुजबुज होती की ही मुलगी कॉलेजात नुसती चित्रं रंगवते. आता आईने सहा बायकांसमोर शब्द दिला होता.

वर्षाचा प्रकल्पही तिने तोच घेतला: खरं गिऱ्हाईक आणि खरी छपाई. पाकीट पारदर्शक होतं. वरच्या अर्ध्या भागावर लेबल येणार, खालच्या अर्ध्या भागातून मसाला दिसणार. म्हणजे दोघांचे रंग शेजारी शेजारी नांदणार. प्रमोदिनी मॅडमनी तिला बजावलं की लेबलाचा लाल स्क्रीनवर ठरवायचा नाही. दर्शना शहाणी मुलगी. तिने अख्खी लॅब धुंडाळली आणि खिडकीतून मला उचललं. ओढणीने पुसलं तेव्हा मला गहिवरून आलं, आणि लगेच धडकीही भरली.

तिने मला मोहन्याला नेलं. पांढऱ्या कागदावर आईचा मसाला ओतला, दारातल्या उजेडात माझी एकेक पट्टी त्याच्याजवळ धरली. शेवटी ती थांबली ती नेमकी चिठ्ठीच्या चौकोनाशी. विटकरी, दाट, भाजलेल्या मिरचीच्या रंगाचा. मसाल्याशी अगदी तंतोतंत जुळत होता. तिने आकडे लिहून घेतले. ‘पत्रिका’ हा शब्दही वाचला आणि सोडून दिला. मी आतल्या आत ओरडत होते की अगं, हा माझा खरा रंग नाही. पण आमच्यासारख्यांना तोंड कुठे असतं!

आता गंमत ऐका. तिने ते आकडे कॉम्प्युटरमध्ये घातले तेव्हा स्क्रीनवर भडक लाल उमटला. जो होता तोच, खरा. दर्शना क्षणभर थबकली. मग तिला मॅडमचं वाक्य आठवलं, स्क्रीनवर विश्वास ठेवायचा नाही, कागदावर ठेवायचा. तिने मान डोलावली आणि फाइल छापायला पाठवून दिली. आळशी मुलगी स्क्रीनवर बघूनच रंग बदलून मोकळी झाली असती आणि वाचली असती. ही अभ्यासू होती म्हणून अडकली.

फाइल गेली ती सुदेश काकांकडेच, कारण मॅडम मुलांना तिथेच पाठवतात. घटस्थापना दुसऱ्या दिवशी होती. दर्शनाने फोनवर विचारलं की पहिल्या कागदाचा फोटो पाठवलात तर मी इथूनच ओके कळवू का. काकांचा नियम मात्र अजून तोच होता. पहिला कागद गिऱ्हाइकाने समोर उभं राहून बघायचा, त्यावर सही करायची, मगच दुसरा निघेल. फोटोवर काम नाही. दर्शना जरा वैतागली, पण निघाली. जयाबाईही मसाल्याचं भरलेलं पाकीट घेऊन सोबत आल्या. मी दर्शनाच्या पिशवीत होते.

कितीतरी वर्षांनी त्या छापखान्याचा वास आला आणि माझ्या पट्ट्या आपोआप सैल झाल्या. मशिनमधून पहिला कागद सरकत बाहेर आला. त्यावर बारा लेबलं होती. अक्षरं सुरेख, मिरच्यांची नक्षी सुरेख, आणि रंग लग्नपत्रिकेचा. काकांनी एक लेबल कापून दिलं. जयाबाईंनी ते पाकिटावर धरलं. लेबल झगझगत होतं आणि त्याच्याखाली त्यांनी आठ दिवस उन्हात वाळवून, भाजून, कांडप यंत्रावर कुटून आणलेला मसाला फिका, मळकट दिसत होता.

जयाबाईंनी पाकीट उजेडाकडे फिरवून पाहिलं. मग लेकीला दुखवू नये अशा बेताने हळूच म्हणाल्या, “दर्शना, माजा मसाला जुना दिसतो गो.”

दर्शनाचा चेहरा पडला. तिला वाटलं मशिन चुकलं. तिने घाईघाईने मला काढलं, तो चौकोन उघडला आणि कागदावर ठेवला. “काका, आकडे हेच आहेत. बघा ना, पट्टीवर हा रंग आहे आणि तुमच्याकडून तो आलाय.” तिचे डोळे भरले होते. तिच्या मागे सहा बायका, पाचशे पाकिटं आणि आईचा शब्द उभा होता, आणि हे सगळं माझ्या एका खोट्या चौकोनामुळे.

काकांनी चष्मा वर केला. मला हातात घेतलं. उलटसुलट केलं. मग त्यांचा अंगठा त्या चिठ्ठीवर थांबला.

“अगं, ही माझी पट्टी आहे,” ते म्हणाले. “हे अक्षर माझं आहे. कुठे ठेवलं होतं हिला?”

“खिडकीत होती.”

काकांनी कटरचं पातं घेतलं आणि डॉक्टर टाका काढतो तसं हलक्या हाताने ती चिठ्ठी उचलली. खाली माझा अर्धा चौकोन होता, जन्मला तेव्हासारखा लाल. इतकी वर्षं त्याच्यावर ऊन पडलंच नव्हतं. काकांनी तो पहिल्या कागदाला लावला. कागद कुठे संपतो आणि मी कुठे सुरू होते, ते कळेना.

“मशिन बरोबर आहे आणि तूही बरोबर आहेस,” काका दर्शनाला म्हणाले. “या पट्टीचा रंग उन्हाने उतरला आहे. म्हणून तर मी फोटोवर ओके घेत नाही.”

दर्शनाने एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरची कात्रणं हलली. त्या श्वासात माझाही श्वास होता असं समजा. खरं सांगते, खोटी म्हणून पकडली गेले आणि तरी मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं. आता निदान तो खोटेपणा माझ्या एकटीच्या छातीवर नव्हता.

काकांनी डब्यातून नवी रंगपट्टी काढली आणि खिडकीपाशी जयाबाईंच्या हातात दिली. “ताई, तुमचा मसाला तुम्ही ओळखा.” जयाबाईंनी पाकीट शेजारी धरलं. कांडपावर मसाला कुटताना नुसत्या नजरेने अंदाज घेणारी बाई ती. तिने चार पट्ट्या सरकवल्या आणि पाचवीवर बोट ठेवलं.

“ह्यो.”

दर्शनाने आकडे वाचले. लालात काळ्याची बऱ्यापैकी भर होती. फाइल तिथेच बदलली, दुसरा कागद निघाला, लेबल पाकिटावर गेलं आणि मसाला आत्ताच कुटून आणल्यासारखा दिसायला लागला. जयाबाई हसल्या. त्यांनी पाकीट लेकीच्या हातात दिलं आणि पदराने स्वतःचा घाम पुसला. दर्शनाने कागदावर तारीख घालून सही केली. मग मशिन सुरू झालं.

नवरात्रात काय झालं ते मी पाहिलं नाही. ऐकलं ते एवढंच की पाचव्या माळेला पाकिटं संपली आणि हेमाताईंनी आपल्या पापडांच्या लेबलासाठी दर्शनाला घरी बोलावलं. कॉलेजात तिने दोन्ही कागद जमा केले, चुकलेला आणि बरोबर आलेला. प्रमोदिनी मॅडमनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, मग मला पाहिलं आणि वर्गासमोर म्हणाल्या, “चूक माझीही आहे. पट्टी बघा असं मी तीन वर्षं सांगत राहिले, आणि तीन वर्षांत पट्टी स्वतः एकदाही बघितली नाही.” बाईंचा तो मोठेपणा मी विसरणार नाही.

मला फेकून देतील असं वाटलं होतं. पण दर्शनाने आईच्या जुन्या साडीच्या काठाची एक पिशवी शिवली आणि मला त्यात घातलं. आता कॉलेजात नवी रंगपट्टी डब्यात असते. तिच्यावर आणल्याची तारीख लिहिली आहे. आणि दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना आधी मला दाखवतात. मॅडम माझा तो चौकोन उघडतात, अर्धा विटकरी आणि अर्धा लाल, आणि मुलं पुढे वाकून बघतात. बघून झालं की लालावर पुन्हा झाकण घालतात. झाकण म्हणजे त्या मसाल्याचं एक छोटं लेबल. काकांच्या चिठ्ठीच्या जागी दर्शनाने स्वतःच्या हाताने लावलं, एका कडेने उचलता येईल असं.

तेव्हा मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. ज्याच्या भरवशावर तुम्ही काम करता, ते अधूनमधून स्वतः तपासून बघा. तुमची पट्टी असो, वजनकाटा असो की घड्याळ. ते थकलं असेल तर ते स्वतः सांगू शकत नाही. आणि मला हातात घेतलंत तर खुशाल घ्या, हवं तर उकाड्यात वाराही घ्या, माझा आता राग नाही. फक्त काम झालं की मला मिटून ठेवा. माझ्याकडे अर्धा चौकोन लाल उरला आहे. तो पुढच्या वर्षीच्या मुलांना दाखवायचा आहे.